काकांनी कोरा सोडलेला शर्ट

काका गेले तेव्हा टेबलावर एक चित्र अर्धवट होतं. रिकामी खुर्ची, पाठीवर टाकलेला शर्ट. शर्ट रंगवायचा राहिला की मुद्दाम कोरा ठेवला, मला अजून ठरवता येत नाही. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत, कागदच मोकळा सोडतात. हेही त्यांनीच शिकवलेलं.

आधी फौज, मग गुन्ह्यांचा तपास. दोन्हींबद्दल विचारलं की चष्मा पुसत बसायचे. ब्रश हातात घेतला तो निवृत्तीनंतर, पण रेखाटन त्यांना नवं नव्हतंच. घटनास्थळाचा कच्चा नकाशा काढताना वस्तूचं अंतर दोन पक्क्या बिंदूंपासून मोजतात, म्हणजे वस्तू उचलली तरी तिची जागा कागदावर राहते. ती खोड सुटली नाही. खुर्चीचा पाय दारापासून किती लांब, हे ते टेप लावून मोजायचे! मी हसलो तर म्हणाले, "सावली कुठे पडलीय ते बघ आधी. रंगाचं नंतर."

एकदा त्यांच्या अर्धवट वाळलेल्या आकाशावर मी ओला ब्रश टेकवला. पाणी पसरलं, दातेरी कडांचा डाग उमटला. ओरडले नाहीत. "हात मागे. वाळू दे." आवाज मात्र जुन्या नोकरीतला होता.

प्रत्येक चित्रामागे पेन्सिलीने तारीख, वेळ, उजेडाची दिशा. पुराव्याच्या पाकिटावर लिहावं तसं. खुर्चीच्या चित्रामागे इतकंच आहे : "सकाळी ७.४०, खिडकी डावीकडे." तारीख नाही.