मानेवरचा काळेपणा मळ नसतो हो!

ज्या मुलींच्या मानेवर मागे काळा जाडसर पट्टा दिसतो त्यांच्या आयांना हात जोडून सांगते, डाळीचं पीठ लावून घासत बसू नका, तो मळ नाहीये. बऱ्याचदा ते रक्तात इन्सुलिन वाढल्याचं लक्षण असतं, आणि सोबत पाळी दोन-दोन महिने गायब, हनुवटीवर जाड केस असं असेल तर पीसीओएसची (अंडाशय आणि हार्मोनच्या बिघाडाची) तपासणी करून घ्या.

मला कॉलेजात असताना निघालं. तेव्हाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघितली आणि म्हणाले गाठी आहेत, लग्न झालं की होईल ठीक. अजून राग येतो मला! एकतर त्या गाठी नसतातच, बीज अर्धवट वाढून थांबलेल्या बारीक बारीक पिशव्या असतात त्या. आणि नुसत्या सोनोग्राफीवर काही ठरत नाही, पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त (रक्तात किंवा केस-पिंपल्समधून दिसणारे) आणि सोनोग्राफी या तीनातल्या दोन गोष्टी जुळाव्या लागतात, 2003 मध्ये रॉटरडॅमला झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीपासून हेच चालत आलंय, शिवाय थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) तपासून बघायचं, कारण त्यांच्या बिघाडानेही पाळी चुकते. पाळी सुरू होऊन 8 वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफीवरून निदान करूच नका असं 2023 ची आंतरराष्ट्रीय गाईडलाईन सांगते, कारण त्या वयात ठणठणीत मुलींचीही सोनोग्राफी तशीच दिसू शकते.

"पाळी नाही आली, सुटले बाई" असं मैत्रिणी म्हणतात ना, तिथे मला फार काळजी वाटते. बीज बाहेर पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे अस्तराला आवर घालणारं हार्मोन बनत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, आणि वर्षानुवर्षं हेच चाललं तर तिथल्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून तीन महिन्यांच्या वर गेलं की डॉक्टर गोळी देऊन पाळी आणतात. लग्न ठरलंय का, मूल हवंय का, याच्याशी काही संबंध नाही त्याचा.

बऱ्याच जणींत मुळाशी इन्सुलिनच असतं, शरीर त्याला दाद देत नाही म्हणून ते जास्त बनतं आणि मग अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बनवायला लावतं. बारीक मुलींनाही होतं हे, त्यामुळे "तू तर सडपातळ आहेस" म्हणून सोडून देऊ नका. वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के उतरलं तरी पाळी सुधारू शकते, म्हणजे 80 किलोला 4 किलोपासून फरक. भाकरी बंद करायची गरज नाही, ताटात उसळ, अंडं, पालेभाजी वाढवा. श्रावणात साबुदाणा खिचडीवर दिवस काढणं मात्र मी सोडलं, निव्वळ स्टार्च आहे तो. चालण्यासोबत वजनं उचलायचा व्यायामही करा, स्नायू साखर वापरतात. मेटफॉर्मिन (डायबिटीसमध्येही देतात ती गोळी), हार्मोनच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तर घाबरू नका, पण मनाने सुरू किंवा बंदही करू नका.

आणि फक्त उपाशीपोटीची शुगर नॉर्मल आली म्हणून घरी येऊ नका. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती टेस्ट मागून घ्या, आई-बाबांना डायबिटीस असेल तर नक्कीच.