तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्यात नेमकं काय घालता?

सशाच्या कातड्याची कानपट्टी किंवा हातमोजे कुणाच्याही हातात दिले की आधी केसांवरून हात फिरतो, मग लायनिंगची कड उचलून आतली बाजू चाचपली जाते आणि मग हमखास तोच प्रश्न येतो, "पाण्यात नेमकं काय घालता हो?" विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी स्वतः एकदा सशाचं कातडं पाण्यात मुरवून, कमावून बघितलेलं असतं, ते वाळून पुठ्ठ्यासारखं कडक झालेलं असतं, आणि त्यांची पक्की समजूत असते की माझ्याकडे काहीतरी वेगळं औषध आहे जे मी कुणाला सांगत नाही.

तर सांगून टाकते. मीठ आणि तुरटी. बास.

4 लिटर पाण्याला साधारण 400 ग्रॅम मीठ आणि 250 ग्रॅम तुरटी. तुरटी थोड्या गरम पाण्यात आधी विरघळवून घ्यायची आणि सगळं पूर्ण गार झाल्यावरच कातडं आत टाकायचं, कारण कच्चं कातडं गरम पाण्यात आखडतं आणि एकदा आखडलं की परत येत नाही. बादली प्लॅस्टिकची, धातूची नको. जमत असेल तर मुरवण्याच्या शेवटी शेवटी थोडासा धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून अगदी थेंब थेंब सोडायचा, तुरटी कातड्यात जास्त चांगली बसते, पण एकदम ओतला तर फसफसून पांढरा गाळ खाली बसतो आणि तुरटी फुकट जाते.

आता हे वाचून कुणी लगेच बादली भरायला जाणार असेल तर थांबा, कारण मऊपणा त्या पाण्यात नाहीये. पाण्यानं कातडं सडायचं थांबतं. मऊ होतं ते वाळण्याच्या दिवशी, हातानं.

का ते सांगते, कारण हे कळल्यावर माझं काम पूर्ण बदललं. चित्रकार कॅनव्हासवर रंगाआधी सरस लावतात ना, त्यातला एक नावाजलेला सरस सशाच्या कातड्यापासूनच करतात. म्हणजे ज्या तंतूंचं कातडं बनलेलं आहे तेच तंतू सरसाचा कच्चा माल आहेत. ओलं कातडं नुसतं दोरीवर टांगून ठेवलं की पाणी निघून जाता जाता हे तंतू एकमेकांना चिकटत जातात आणि सगळ्याची मिळून एक पाटी होते. तुरटी त्यांना थोडं अडवते, पूर्ण अडवत नाही. पाणी जात असताना तंतू सतत हलत राहिले तरच ते सुटे राहतात. म्हणून ओढायचं, चोळायचं, परत ओढायचं, कातडं वाळेपर्यंत. कमावणं हा शब्द मला म्हणूनच फार आवडतो. शरीर कमावतात तसंच कातडं कमावतात, दोन्हीकडे घाम गाळल्याशिवाय काही होत नाही.

पण त्या दिवसापर्यंत पोचायच्या आधी दोन जागा आहेत जिथे बहुतेकांचं बिघडतं.

पहिली म्हणजे ऊब. ससा सोलला की कातड्यात अंगाची ऊब असते आणि ती तशीच कोंडून राहिली की केसांच्या मुळाशी सडायला सुरुवात होते. माझी पहिली चार कातडी अशीच गेली. दमले होते, पिशवीत भरली, सकाळी बघू म्हटलं. दिसायला सकाळी अगदी व्यवस्थित होती, आठवडाभर पाण्यात ठेवली, आणि बाहेर काढून हात फिरवला तर पोटावरचे केस मुठीत आले, खालचं कातडं उघडं गुळगुळीत. त्याला काही इलाज नाही. तेव्हापासून सोलल्या सोलल्या गार पाण्यात टाकते, रक्त धुऊन काढते, आणि त्या दिवशी पुढचं काम जमणार नसेल तर सरळ फ्रीझरमध्ये. जंगली ससा असेल तर सोलताना हातात रबरी ग्लोव्ह्ज हवेतच, त्याच्यापासून माणसाला टुलारेमिया हा जिवाणूंचा गंभीर आजार होऊ शकतो, यात हयगय नको.

दुसरी जागा म्हणजे आतला पापुद्रा. कातड्याच्या मांसाकडच्या बाजूला एक पातळ चकचकीत पडदा असतो. ताज्या कातड्यावरून तो खरवडायला गेलात तर कातडंच फाटतं, सशाचं कातडं इतकं पातळ असतं. म्हणून दोन दिवस आधी त्याच मीठ-तुरटीच्या पाण्यात ठेवायचं, मग तो पापुद्रा जरा घट्ट होतो आणि शेपटीकडून नखानं सोडवून मानेकडे ओढत नेला की नशीब असेल तर अख्खा एका तुकड्यात निघतो. मानेजवळ आणि खांद्यावर चिवट असतो, तिथे घाई करायची नाही. मी सुरी वापरत नाही, बोटं आणि फार तर बोथट चमचा. फाटलंच तर ओलं असतानाच दोन टाके घालून घ्यायचे, नाहीतर पुढे ओढताना छोट्या भोकाचा डोळ्याएवढा खड्डा होतो. पापुद्रा जिथे राहील तिथे तुरटी आत शिरत नाही, आणि तो भाग पुढे कितीही ओढा, पत्र्यासारखाच राहतो.

मग परत बादलीत, एक आठवडा, दिवसातून दोनदा ढवळायचं. झालं की नाही ते बघायला मानेकडच्या जाड भागाची कड थोडी कापायची आणि कापलेल्या बाजूकडे नीट बघायचं. आरपार पांढरं दिसलं तर झालं, मधे काचेसारखी रेघ दिसली तर अजून दोन दिवस. मग धुवायचं, दाबून पाणी काढायचं, पिळायचं नाही.

आणि आता तो दिवस.

मी सुट्टीचा दिवस धरते कारण मधेच उठून जाता येत नाही. कातडं दमट असतानाच आतल्या बाजूला अंड्याचा बलक आणि थोडं तेल कोमट पाण्यात फेटून चोळते. बलकात लेसिथिन असतं, त्याच्यामुळे तेल आणि पाणी फुटत नाही आणि तेल आतपर्यंत जातं. पूर्वापार लोक ह्याच कामाला जनावराचा मेंदू वापरत आलेत. केसांना मात्र तेल लागू द्यायचं नाही, नंतर धूळ धरतात.

मग सावलीत टांगते आणि दर थोड्या वेळानं हात लावून बघते. ऊन नको, हीटर नको, हेअर ड्रायर तर अजिबात नको. पहिले काही तास काहीच होत नाही, कातडं ओलं, गार, किंचित करडं आणि अर्धपारदर्शक असतं. मग कधीतरी पोटाच्या बाजूची कड, जिथे सगळ्यात पातळ आहे, ती कोरडी लागायला लागते. तिथे दोन्ही हातांच्या चिमटीत धरून आडवं ओढलं की त्या करड्या रंगात एक पांढरी रेघ उमटते, पिठासारखी पांढरी, आणि सोडलं तरी जात नाही. ती रेघ दिसली की समजायचं, वेळ आली. तिथून पुढे हात थांबवायचा नाही. कड सगळीकडून ओढत जायचं, मग टेबलाच्या काठावर आतली बाजू टेकवून बूट पुसताना फडकं ओढतो तसं वरखाली ओढायचं, पांढरेपणा कडेकडून पाठीकडे सरकत जातो. पाठ जाड असते, ती सगळ्यात शेवटी वाळते, तोवर कडा परत आखडू लागलेल्या असतात, परत त्यांच्याकडे. आवाजसुद्धा बदलतो. आधी ओल्या कापडासारखा असतो, मग कागदासारखा, आणि शेवटी आवाजच येत नाही. मला हा शेवटचा टप्पा फार आवडतो, हातात अचानक मऊ फ्लॅनेल आल्यासारखं वाटतं. एवढं होईस्तोवर मनगटं भरून आलेली असतात, पण तेव्हा सोडलं तर सगळं गेलं. जमल्यास एका दिवशी दोनच कातडी घ्या, चार घेतलीत तर त्यातली दोन नक्की कडक होणार.

कातडं निवडण्याबद्दलही लोक विचारतात. थंडीतलं आणि पूर्ण वाढलेल्या सशाचं बरं. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाचं कातडं फारच नाजूक असतं, आणि केस गळायच्या काळातलं असेल तर आतल्या बाजूला काळसर डाग दिसतात, तिथे नवे केस उगवत असतात, ते नीट धरत नाहीत. रेक्स जातीचा ससा मिळाला तर मखमल बघायला मिळते, ह्या जातीत वरचे राठ केस खालच्या लवेइतकेच आखूड असतात, 1919 मध्ये फ्रान्समध्ये असे ससे पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आले. पण साध्या सशाचंही छान होतं, अडून बसायला नको.

शिवण्याचं थोडक्यात सांगते, खरंतर तो वेगळाच विषय आहे. पॅटर्न आतल्या बाजूला पेनानं काढायचा, आणि लवेची दिशा सगळ्या तुकड्यांत एकच येईल असं बघायचं. कात्री नाही, धारदार ब्लेड, आणि कातडं हवेत धरून आतून फक्त चामडं कापायचं, टेबलावर ठेवून कापलं तर खालचे केसही कापले जातात आणि शिवणीवर भांग पाडल्यासारखी रेघ दिसते. टाचण्या लावायच्या नाहीत, भोकं बुजत नाहीत, क्लिप लावा. सुई कातड्याची, तीन धारांच्या टोकाची, दोऱ्याला मेण, बोटात अंगुस्तान. काठाला काठ लावून केस आत ढकलत वरून गुंडाळत टाके घालायचे, फार जवळ नकोत, जवळजवळ भोकं पडली की तिथेच फाटतं. कडेला कापडाची पट्टी शिवून घेतली तर ताण कातड्यावर येत नाही. शिवून झाल्यावर उलटून बघितलं की शिवण दिसते, मग जाड सुईच्या टोकानं टाक्यात अडकलेले केस एक एक बाहेर ओढून काढायचे आणि कंगवा फिरवायचा. हे करताना शिवण डोळ्यादेखत नाहीशी होते. कानपट्टीला मला एक कातडं पुरतं, बिनबोटांच्या हातमोज्यांच्या जोडीला चार. जिथे सारखं घासलं जातं तिथे सशाची लव टिकत नाही, म्हणून तळहाताला दुसरं जाड कापड आणि लव आतल्या बाजूला. तसंही ऊब लवेत अडकलेल्या हवेची असते, ती अंगाकडे असलेलीच बरी. धुवायचं मात्र नाही, तुरटी पाण्यात सुटते आणि कातडं परत कच्चं होत जातं. उन्हाळ्यात सुती पिशवीत, गार जागी, आणि मधूनमधून काढून झटकायचं, कसर लागते.

वाईट वाटत नाही का, हेही विचारतात. वाटतं. ससे मांसासाठी पाळलेले असतात, कातडी टाकून दिली जायची, ती मी घेते. म्हणूनच ती पहिली चार अजून मनात आहेत. जनावर गेलं आणि त्याचं कातडं माझ्या आळसानं सडलं, हे मला पटत नाही.

आणि ज्यांच्याकडे ते कडक झालेलं कातडं अजून पडून आहे त्यांनी ते फेकू नका. उजेडात धरून आतली बाजू बघा. कुठे पिवळसर चकचकीत पट्टे दिसले तर तो राहिलेला पापुद्रा आहे, तेवढं परत बादलीत भिजवून काढावं लागेल आणि पुढचं सगळं परत. सगळीकडे एकसारखं पांढरट पण ताठ असेल तर काहीच बिघडलेलं नाही, फक्त हात कमी पडलाय. आज रात्री एक फडकं ओलं करून घट्ट पिळा, आतल्या बाजूवर पसरा, गुंडाळी करून पिशवीत घाला आणि गार जागी ठेवा. सकाळी उघडलंत की ते लवचिक झालेलं असेल. कडेपासून सुरू करा, पोटाच्या बाजूनं.