सही करू का, मॅडम?

गुरुवार, रात्रीचे पावणेबारा

आज दुपारी रबाळे एमआयडीसीत गेले होते. पुठ्ठ्याचे खोके बनवणारा गाळा. जुलैच्या पावसात कंबरेएवढं पाणी शिरलं, तयार मालासकट सगळा कच्चा माल भिजला. मालक काका म्हणाले, "पन्नास लाखांची पॉलिसी आहे, वीसचं नुकसान आहे, मग विमा कंपनी आठ का देते?"

हे गणित मी इतक्या वर्षांत किती जणांना घालून दाखवलं असेल! गाळ्यात माल ऐंशी लाखांचा आणि विमा पन्नासचा, म्हणजे नुकसानीचे आठातले पाचच भाग मिळणार. वीसचे साडेबारा. हे ऐकताना माणूस माझ्याकडेच असा बघतो, जणू मी विमा कंपनीची वकील! विम्याची रक्कम तीन वर्षांपूर्वीची, नूतनीकरणाच्या वेळी एजंटानं तशीच पुढे ढकललेली. त्यावर भांडून काही उपयोग नाही, हे मी स्पष्ट सांगितलं.

मात्र विमा कंपनीसाठी नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरनं भिजलेल्या पुठ्ठ्याची भंगारातली किंमत सात लाख वीस हजार धरून ती आधी नुकसानीतून वजा केली आहे, म्हणून आठ. तुर्भ्याचा भंगारवाला एक लाखावर जायला तयार नाही. त्याचं कोटेशन लेखी घेतलंय. त्या हिशेबानं पावणेबारा लाखांच्या वर निघतात. भांडण एवढ्यापुरतंच, पावणेचार लाखांचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या हर्सोलिया मोटर्सच्या निकालानंतर कारखान्याचा विमा नफ्यासाठी काढलेला नसतो, म्हणून कारखानदारही ग्राहकच, हे पुन्हा पटवत बसावं लागत नाही. ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे.

अडलंय ते डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे दावा मिटल्याच्या पावतीवर. 'पूर्ण व अंतिम' असं छापलेल्या कागदावर सही केली, तरच आठ लाख सुटणार. काकांकडे कामगारांचे दोन पगार थकलेत, मशीनचा हप्ता आहे. सही करू नका म्हणणं मला सोपं आहे, माझा हप्ता थोडाच चुकतोय! सर्वोच्च न्यायालयाच्याच बोघारा पॉलिफॅबच्या २००८ च्या निकालानं अशा दबावाखालच्या सहीनं सगळं संपत नाही असं म्हटलं. पण २०१४ च्या जीनस पॉवरच्या निकालात विमा काढलेली कंपनी सही करून गप्प बसली होती, तक्रार केली ती तीन आठवड्यांनी. दबावाचं म्हणणं टिकलं नाही. तेव्हापासून मी अशिलांना एकच सांगते, पैसे घ्या, पण निषेधाचं पत्र त्याच दिवशी जाऊ द्या. काही जण ऐकतात, काही "उद्या बघू" म्हणतात आणि दिवाळीनंतर फाइल घेऊन येतात.

घरी येईपर्यंत ऐरोलीच्या पुलावर तास गेला. जेवताना काकांचा फोन, "सही करू का, मॅडम? आणि ते पत्र इंग्रजीतच लागतं का?"

"मराठीत लिहा. पैशांची गरज आहे म्हणून सही करतोय, आठ लाख मान्य नाहीत, एवढंच. आणि आजची तारीख टाका."

११.३८ ला मेल गेला. प्रत मला आहे. विषयाच्या जागी काकांनी लिहिलंय, "नाइलाजाने".