तुम्ही विचारलंत म्हणून: एक्स-रे नॉर्मल असताना सीटी कशाला?

"एक्स-रे नॉर्मल होता ना, मग धाकटीच्या छातीचा सीटी कशाला काढलात?" लग्नकार्यात, भाजी घेताना, अगदी दुसऱ्याच्या दुखवट्याला गेले तरी हेच. एकदाचं लिहूनच टाकते.

धाकटीला दमा आहे. ऊसतोडीचे दिवस. वाळव्याकडच्या फडांत पाचट पेटवलेलं. रात्री तिला धाप लागली, पंप मारला, पुन्हा मारला, उतरेना. मिरज येईपर्यंत "ताई" हा शब्दसुद्धा तिला एका श्वासात पुरा होईना. आणि वाटेतच छाती वाजायची थांबली. मला वाटलं, सुटलो. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि सिस्टरना ओरडूनच हाक मारली. छाती वाजायलाही हवा आत-बाहेर व्हावी लागते. तिची जवळपास होतच नव्हती. त्या रात्रीचा एक्स-रेही नॉर्मल. दम्यात तो बहुतेकदा तसाच येतो. मग "मनाला लावून घेते" म्हणायला माणसं मोकळी.

पुढे सीटी झाला, एकदा श्वास भरून आणि एकदा पूर्ण सोडून. श्वास सोडला की फुप्फुस करडं दिसायला हवं. तिचे काही भाग काळेच राहिले, म्हणजे हवा आतच कोंडलेली. काही नळ्यांत घट्ट कफाचे बोळे बसलेले, तेही डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवले.

यावरून पुढचं कळतं का? मीच म्हणायचे, फोटो काय भविष्य सांगणार! ते म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. 2009 च्या एका अमेरिकी अभ्यासात हवा कोंडणाऱ्यांच्या वाट्याला आयसीयू, व्हेंटिलेटर जास्त आलेले दिसले. पण ती झाल्या गोष्टींची नोंद. 2018 च्या दुसऱ्या अभ्यासात फुप्फुसाचे 20 भाग धरून कितींत बोळे आहेत ते मोजलं. बोळे जास्त, त्यांची तपासणीच्या यंत्रातली फुंकर कमी, आणि काही वर्षांनी पाहिलं तरी अनेकांचे बोळे होतेच. पुढचा अटॅक कधी, हे यातून निघत नाही. जपायचं कुणाला, हे निघतं, असं मला वाटतं.

किरणांचा त्रास आहे, पैसेही गेले, नाकारत नाही. पुन्हा काढायचा का, यावर आमच्या घरातच एकमत नाही. ते आमचं आम्ही बघू. तुम्ही फक्त "मनाचं दुखणं आहे" असं तिच्या तोंडावर पुन्हा म्हणू नका.