भटजी कुठे आहेत?

पहिला मसुदा परत आला तेव्हा त्यावर लाल शाईचा फार मारा नव्हता. शेवटच्या पानाखाली एक ओळ होती, "राणी छान आहे. भटजी कुठे आहेत?"

मी त्रेचाळिशीची. मशीद बंदरला सुकामेव्याच्या एका घाऊक पेढीवर हिशेब लिहिते आणि दूरशिक्षणातून मराठीचं एम.ए. करते. एका पेपरसाठी एखाद्या ललितेतर पुस्तकावर समीक्षात्मक निबंध लिहायचा होता, शब्दमर्यादा २०००. बरोबरीच्या बहुतेकांनी आत्मचरित्रं घेतली. मी विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' घेतलं. खरं कारण सांगायचं तर ते फार जाड नव्हतं आणि विक्रोळी ते मशीद स्लो लोकलमध्ये उभ्याने वाचता येण्याजोगं होतं.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे, जन्म १८२७ चा. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल असं कानावर आलं, म्हणून १८५७ मध्ये चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. लुटले गेले, कसेबसे जगले, पुढे काशी करून गंगेची कावड घेऊन घरी परतले. हे सगळं त्यांनी लिहून काढलं ते जवळजवळ पंचवीस वर्षांनी.

माझा पहिला मसुदा म्हणजे उत्तम इतिहास होता, असं मला अजूनही वाटतं. १० मे १८५७ ला मीरत. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजचा झाशीला वेढा. तात्या टोपे मदतीला आले आणि बेतवेच्या काठी हरले. ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले. जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ राणी पडली. तारखा मी दोन-दोन पुस्तकांतून ताडून घेतल्या होत्या. लाल ओळ वाचून आधी रागच आला. विक्रोळीला उतरले, कन्नमवार नगरच्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहिले आणि स्वतःचाच मसुदा पुन्हा चाळला. त्यातलं जवळपास काहीच लिहायला 'माझा प्रवास' उघडायची गरज नव्हती. कुठल्याही शालेय इतिहासावर तो निबंध उभा राहिला असता.

दुसऱ्या दिवशी मसुदा तपासणाऱ्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, पुस्तकात काय आहे ते तुम्ही लिहिलंत. ते कसं सांगितलंय आणि तसंच का सांगितलंय, ते लिहा." एवढ्यावर मी फोन ठेवणार होते, तोच त्यांनी विचारलं, "आणि प्रत कोणती वाचलीत?"

प्रत? माझ्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलेली पीडीएफ होती. मुखपृष्ठाचं पान नव्हतं, पहिली काही पानं तिरकी स्कॅन झालेली.

इथे मला पहिल्यांदा कळलं की या पुस्तकाची एक नाही, दोन रूपं आहेत. भटजींनी आपली हकीकत चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून लिहिली. वैद्य कल्याणचे, मोठे विद्वान. ब्रिटिश राज्यात बंडाबद्दल छापणं जोखमीचं, म्हणून हस्तलिखित थांबून राहिलं आणि भटजी गेल्यावर १९०७ मध्ये वैद्यांनी ते प्रसिद्ध केलं. पण छापताना भाषेवर हात फिरवला, काही मजकूर गाळला. भटजींच्या मूळ लिखाणाबरहुकूम प्रत इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. म्हणजे मी ज्या वाक्यांच्या डौलावर भाळले होते, त्यांतली काही भटजींची नसतीलही! माझी पीडीएफ अर्थातच वैद्यांची निघाली.

मग शनिवारी अर्धा दिवस सुटल्यावर दादरला उतरून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठलं. १८९८ पासूनची संस्था. पूर्वेच्या बाजूने शारदा टॉकीजपर्यंत चालत जायचं. पोतदारांची प्रत हातात आली तेव्हा मला पेढीवरची आठवण झाली. आमच्याकडे रोजमेळ असतो, म्हणजे रोजच्या व्यवहारांची मूळ वही, आणि त्यावरून कॉम्प्युटरवर टॅलीत चढवलेलं लेजर, म्हणजे खातेवही, असतं. लेजर स्वच्छ दिसतं. पण ऑडिटर आला की तो रोजमेळच मागतो.

खरं तर वाट तिथेच सापडली, फक्त मला ती ओळखायला आठवडा लागला. निबंधासाठी काय वाचायचं, हे मी टिपणं काढण्याच्या शाळकरी सवयीने ठरवत होते. 'महत्त्वाचे मुद्दे' असं लिहून खाली ओळी. अशी अकरा पानं भरली आणि सगळा सारांश झाला. एका दुपारी ऑडिटचं काम चालू होतं. व्हाउचर असलेल्या नोंदीला हिरवी टिक, नसलेल्यापुढे प्रश्नचिन्ह. आमचे जुने मुनीमकाका नेहमी म्हणतात, "बाई, आकडा खोटा नसतो, तोंडी असतो." त्या दिवशी हे वाक्य कानात राहिलं. घरी आल्यावर पुस्तकाच्या झेरॉक्सवर तेच सुरू केलं. भटजींनी स्वतः पाहिलंय असं ते सांगतात तिथे हिरवी खूण. ऐकलेलं असेल तिथे लाल. आणि कळत नसेल तिथे पेन्सिल.

हे काम सोपं वाटलं होतं. दहाव्या पानालाच पेन्सिल झिजायला लागली. काडतुसांची हकीकत त्यांना वाटेत शिपायांकडून कळते, तिथे लाल, ठीक. राजेरजवाड्यांच्या सभेत इंग्रजांनी मांडलेली कलमं आणि त्यावर राजांनी दिलेली उत्तरं, तीही लाल, कारण भटजी त्या सभेला कसे असणार! कानपूरच्या हकिगती लाल. पण झाशीत राहत असताना राणीचा दिनक्रम, व्यायाम, घोडेस्वारी, पूजा, दरबार, हे किती डोळ्यांनी आणि किती वाड्यातल्या माणसांच्या तोंडून? तिथे तिन्ही रंग एकावर एक चढले. मुलगा दहावीला आहे, तो डोकावून म्हणाला, "आई, हे रंगकाम कशाचं?" मी म्हटलं, "ऑडिट." त्याला ते पटलं.

सगळं रंगवून झाल्यावर झेरॉक्स जमिनीवर पसरली. मला वाटलं होतं लाल भाग नीरस असेल आणि हिरवा जिवंत. तसं नव्हतं. लाल भागच जास्त नाट्यमय आहे. तिथे माणसं भाषणं करतात, बाणेदार उत्तरं देतात. सभेतल्या राजांची वाक्यं अशी की रंगमंचावर टाळ्या पडाव्यात. हिरव्या भागात मात्र माणसं फारशी बोलत नाहीत. तिथे वस्तू आहेत. झाशीची लूट सांगताना भटजी वर्गवारी लावतात. सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, पुढे कापड आणि धान्यही. तहान आहे, अंधारात लपणं आहे, दक्षिणेतून साठवलेले पैसे गेल्याची खंत आहे. जिथे त्यांचा स्वतःचा जीव आणि गाठोडं पणाला लागलं, तिथे त्यांची भाषा हिशेबाची होते.

हे सापडलं तेव्हा निबंधाला पहिल्यांदा एक वाक्य मिळालं: ऐकीव भागात भटजी बोलतात, अनुभवलेल्या भागात मोजतात. ते वाक्य मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलं. त्याच्या शेजारी गॅसवाल्याचा नंबर आणि मुलाचं वेळापत्रक. आराखडा काढायचा म्हणजे रोमन आकडे टाकून मुद्दे-उपमुद्दे करायचे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात आराखडा म्हणजे त्या एका वाक्याला जागोजागी 'कशावरून?' असं विचारत जाणं निघालं.

आणि मग काल्पीजवळची विहीर आडवी आली.

पुस्तकातला हा सगळ्यांच्या लक्षात राहणारा प्रसंग. झाशी सोडून पळालेली राणी वाटेत विहिरीवर भटजींना भेटते. पठाणी वेष, अंगावर धूळ, तहानलेली. भटजी पाणी काढून देऊ लागतात, तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, मीच काढून घेते. मग आपलं दुःख सांगते की आपण अर्ध्या शेर तांदळाची धनीण, विधवाधर्म सोडून या फंदात पडायची काय गरज होती. हिरवी खूण, कारण भटजी स्वतः तिथे आहेत. पण प्रसंग सगळा संवादाचा! माझं फ्रिजवरचं वाक्य कोसळलं.

दोन दिवस मी तो प्रसंग गाळायचा बेत करत होते. खरंच. २००० शब्दांत सगळं थोडंच येतं, असं स्वतःला समजावलं. पण ऑडिटमध्ये न जुळणारी नोंद गाळणाऱ्याला आम्ही काय म्हणतो ते मला माहीत आहे. शिवाय जो कुणी हे पुस्तक वाचलेला असेल, तो निबंधात आधी विहीरच शोधेल.

तेव्हा तो प्रसंग मी आईला वाचून दाखवला. आई विधवा आहे, सत्तरी ओलांडलेली, तिचं मत मला हवं होतं. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "अर्धा शेर म्हणजे किती गं?" मी हिशेब केला. ८० तोळ्यांचा शेर धरला तर सुमारे ९३३ ग्रॅम, म्हणजे अर्धा शेर साधारण ४६७ ग्रॅम. अर्थात शेर तेव्हा गावोगाव निराळा. आई म्हणाली, "एका बाईला दिवसाला पुष्कळ झालं की. पण राणी अशी मापात कशी बोलेल?"

इतका वेळ मी संवादाकडे बघत होते, आईने मापाकडे बोट ठेवलं. राणी हे वाक्य म्हणाली की नाही, हे आपल्याला कळणार नाही. पण पंचवीस वर्षांनी ते आठवून लिहिणारा माणूस दक्षिणा आणि शिधा यांवर जगलेला आहे. विधवेचा संसारातला वाटा तो तांदळाच्या मापात सांगतो. म्हणजे विहिरीवरच्या संवादाच्या आतही तेच मोजणारं मन आहे. माझं वाक्य चुकीचं नव्हतं, अर्धवट होतं. मी ते बदललं: भटजी अनुभवलेलं मोजतात, आणि जिथे त्यांनी बोलायला लावलेलं माणूस खरोखर समोर असतं, तिथे त्याच्याही तोंडी माप येतं. जरा अवघडलेलं वाक्य आहे, मान्य. पण या वाक्यावर निबंध उभा राहिला.

प्रत्यक्ष लिहायला तीन रविवार लागले. त्यातला पहिला फुकट गेला, कारण मी सुरुवातीच्या परिच्छेदावरच अडून बसले. "१८५७ चा उठाव ही भारतीय इतिहासातील" वगैरे. शेवटी सुरुवात सोडून दिली आणि थेट लुटीच्या वर्गवारीपासून लिहायला घेतलं. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहिली, ती पाच ओळींत झाली.

एक सवय मात्र मोडायला फार जड गेली. माझा जवळजवळ प्रत्येक परिच्छेद 'नंतर' किंवा 'पुढे'ने सुरू होत होता. नंतर भटजी झाशीला गेले, पुढे वेढा पडला. 'नंतर' आला की समजायचं आपण भटजींच्या मागून चालतोय, त्यांच्याकडे बघत नाही. मी सगळे 'नंतर' शोधून खोडले आणि ते परिच्छेद पुन्हा लिहिले. क्रियापदांचंही तसंच. 'भटजी म्हणतात' हे इतक्यांदा आलं होतं की वाचवेना. ते काय करतायत ते नेमकं लिहायला लागले, तेव्हा मोजतात, टाळतात, ऐकलेलं पुढे सरकवतात, स्वतःला सावरतात, अशी क्रियापदं मिळाली आणि निम्मं विश्लेषण आपोआप झालं.

अवतरणं मी आधी अर्ध्या-अर्ध्या पानाची टाकली होती, शब्दसंख्या भरते म्हणून. मॅडमना दाखवण्याआधीच काढली. चार-पाच शब्दांचा तुकडा घ्यायचा आणि त्यावर तीन ओळी लिहायच्या, हे उलट कठीण, पण खरं काम तिथेच असतं. वैद्यांच्या आणि पोतदारांच्या प्रतीतला फरक स्वतंत्र प्रकरण करून मांडायचा मोहही झाला. तो विषय मोठा आहे आणि माझ्या आवाक्याबाहेरचा. एका परिच्छेदात इतकंच लिहिलं की मी मूळ प्रत धरली आहे आणि का.

कावड राहिलीच. काशीहून गंगाजल आणून आईवडिलांना न्हाऊ घालणारा मुलगा, सगळं लुटलं गेल्यावर. तो भाग वाचताना कुर्ल्याला माझे डोळे भरून आले होते आणि शेजारच्या बाईने न बोलता खिडकीची सीट दिली. निबंधात त्याला जागा नव्हती, कारण तो माझ्या वाक्यात बसत नव्हता. वाईट वाटलं.

निबंध जमा केला, पंधरा दिवसांनी परत आला. २० पैकी १४. राणीबद्दल शेरा नव्हता, भटजींबद्दलही नव्हता. पान ५ वर मी लिहिलं होतं की कर्जबाजारी घरात लहानपणापासून पैसा मोजतच भटजी वाढले, म्हणून त्यांची नजर अशी झाली. त्या ओळीपुढे समासात मॅडमनी हिरव्या पेनाने एकच शब्द लिहिला होता, "आधार?"

मी झेरॉक्स काढून शोधला. कर्ज होतं, पण लहानपण कुठेच नव्हतं.