रोहूच्या अंगावरच्या उवा

मी मत्स्यशास्त्र शिकलेय आणि माशांच्या रोगांचंच काम करते. फेब्रुवारी संपता संपता गोंदियाकडच्या एका मालगुजारी तलावावरून (जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी बांधलेल्या) फोन आला, "मॅडम, मासोळी वेड्यावानी उड्या मारून रायली, तुम्ही या लवकर."

गेले तर काठावर मच्छीमार सोसायटीचे सगळे ढीवर, म्हणजे मासे धरणारे लोक, जमलेले. पाणी धानाला सोडल्यामुळे तलाव निम्म्यावर आलेला. डोंग्यातून जाळं टाकलं, पहिलीच रोहू हातात घेतली आणि पोटात धस्स झालं. खवल्यांवर लाल चट्टे, आणि त्यात चपट्या, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या मसुरीच्या दाण्याएवढ्या उवा सरसर पळतायत. अर्ग्युलस. अर्धा किलोच्या त्या एका माशावर मी 37 मोजल्या.

ही ऊ म्हणजे झिंग्या-खेकड्यांचीच लांबची नातेवाईक. दोन गोल चूषकांनी माशाला चिकटते, सुईसारखी सोंड खुपसून रक्त पिते, मासा खाजेने दगडाला अंग घासतो आणि त्याच जखमांतून पुढे बॅक्टेरिया शिरतात. कटला-मृगळपेक्षा रोहूवर हिचा जास्त राग. माणसाला काही होत नाही, पण असा मासा बाजारात घेणार कोण?

एका पोराने पिकावर फवारायची बाटली आणूनच ठेवली होती. मी हात जोडले त्याला. त्याच पाण्यावर गुरं येतात, झिंगे मरतील, माशाचं खाणं असलेले बारीक जीवही मरतील, आणि एवढं करून उवांच्या अंड्यांना काहीच होत नाही. मग पाण्यात रोवलेला एक जुना बांबू उपटून दाखवला, बुडालेल्या भागावर अंडी ओळीने चिकटलेली, एकाला एक लागून. मादी मासा सोडून येते आणि अशा कडक जागी शेकड्यांनी अंडी घालते, ऊन वाढलं की दोन-तीन आठवड्यात पिल्लं बाहेर.

"पण हे आलं कुठून? आमच्या तलावात कधीच नव्हतं," अध्यक्षकाका म्हणाले.

उत्तर मला माहीत होतं. ऑगस्टमध्ये बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडली तेव्हा मी तिथेच उभी होते. गाडी उशिरा आली, पाऊस होता, आणि मी एकही बोटुकली तळहातावर घेऊन बघितली नव्हती. बहुतेक त्यातूनच आलं असणार. हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. वर्षभराची कमाई होती त्यांची त्या पाण्यात. मग काका म्हणाले, "आता काय करायचं ते सांगा."

त्या आठवड्यात जुने खुंट काढले, उवांनी अंडी त्यांच्यावरच घालावीत म्हणून ठरवून ठिकठिकाणी नवे बांबू आणि कौलं लावली, दर आठ दिवसांनी ती उपसून कडक उन्हात वाळवायची, पुन्हा लावायची. मोठे मासे काढून गर्दी कमी केली. बायकाही यायच्या बांबू खरवडायला. उवा संपल्या नाहीत पण मे महिन्यात एका माशावर चार-पाचच सापडायच्या, आणि रोहू विकली गेली, भाव मात्र पडूनच मिळाला, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या ऑगस्टला गाडी आली तशी मी भिंग घेऊन बसले. ड्रायव्हर घाई करत होता, काका त्याला म्हणाले, थांब. तिसऱ्या टाकीत दोन उवा सापडल्या. ती टाकी तशीच परत पाठवली.