ऑफिसात पळतंय, शिरोलीत मरतंय

कास्टिंगचे (ओतीव भागांचे) फोटो घेऊन ब्लोहोल, म्हणजे हवेची छिद्रं, शोधणारा प्रोग्राम आम्ही एका फाउंड्रीसाठी बनवला होता, सी प्लस प्लसमध्ये, लिनक्सवर चालणारा, आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात तो दीड महिन्यात एकदाही पडला नव्हता. मंगळवारी सकाळी कावळा नाका, तावडे हॉटेल, पंचगंगेचा पूल करत शिरोली एमआयडीसीत पोचलो, त्यांच्याच पीसीवर प्रोग्राम टाकला, लॉगिन झालं, कॅमेऱ्याचं चित्र आलं, सगळं ओके. पहिला पीस लाइटखाली ठेवून बटण दाबलं आणि विंडोच गायब.

सुपरवायझर मामा म्हणाले, "साहेब, कॅमेरा बी चालू हाय, लाइट बी लागलीया, मग पीस ठेवला कीच का मरतंय?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि मी नेमका तोच सोडून बाकी सगळं तपासत बसलो. केबल बदलली, रॅम काढून पुसून परत लावली (शॉट ब्लास्टिंगच्या शेजारी पीसी, धूळ म्हणजे किती ती), कॅमेऱ्याचा ड्रायव्हर परत टाकला, यात दोन तास गेले, तिकडे पीसची थप्पी वाढत चाललेली. शेवटी टर्मिनलवरून प्रोग्राम चालवला तेव्हा एकच ओळ आली, इल्लीगल इन्स्ट्रक्शन. डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्स कर्नलच्या नोंदींत, बघितलं तर ट्रॅप इनव्हॅलिड ऑपकोड, म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना. मग जीडीबी हा डीबगर लावून प्रोग्राम नेमका कुठल्या सूचनेवर मेला ते बघितलं तर तिथे व्हीएफएमअॅड. तिथंच डोक्यात प्रकाश पडला.

ही एफएमए सूचना, म्हणजे गुणाकार आणि बेरीज एका दमात. ऑफिसातलं मशीन एएमडीचं रायझन ५०००, त्याला एव्हीएक्स-टू (एका सूचनेत अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या एव्हीएक्स सूचनांची पुढची आवृत्ती) आणि एफएमए दोन्ही आहे. फाउंड्रीतला पीसी इंटेलचा आय-थ्री ३२२०, २०१२ च्या आयव्ही ब्रिज पिढीतला. प्रॉक सीपीयूइन्फोमधली फ्लॅग्जची ओळ (प्रोसेसरला काय काय येतं त्याची यादी) वाचली, त्यात एव्हीएक्स आहे पण एव्हीएक्स-टू नाही, एफएमए पण नाही, कारण इंटेलच्या डेस्कटॉपमध्ये ते २०१३ च्या हॅसवेलपासून आलं. आणि आमच्या मेकफाइलमध्ये (बिल्ड कसं करायचं ते सांगणारी फाइल) मीच लिहिलेलं, ओ-थ्री (वेगासाठी) आणि मार्च (कुठल्या प्रोसेसरसाठी कोड बनवायचा) इज इक्वल टू नेटिव्ह. नेटिव्ह म्हणजे जिथं कंपाइल करताय ते मशीन, जिथं चालणार ते नव्हे. जीसीसी कंपायलरने माझा प्रोसेसर बघून त्याला जमेल ते सगळं वापरलं, त्याची काहीच चूक नाही. आणि मामांच्या प्रश्नाचं उत्तर पण इथंच होतं, प्रोसेसर न कळणारी सूचना समोर येईपर्यंत काही बोलत नाही, ती सूचना फक्त फिल्टरच्या लूपमध्ये होती आणि तो लूप पीस ठेवल्याशिवाय चालतच नाही.

लॅपटॉपवर सोर्स होता, तिथंच मार्च साधा एक्स८६-६४ करून बिल्ड केलं. चाललं, पण हळू, लाइनच्या स्पीडला पुरेना. मार्च आयव्हीब्रिज केल्यावर पुरलं. मामांनी चहा मागवला, पण माझं मन लागेना, कारण उद्या हा पीसी बिघडला आणि त्यांनी दुसरा लावला तर?

आणि अजून एक गोष्ट निघाली, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. ऑफिसात रिजेक्ट झालेला एक नमुना पीस इथे पास झाला. तोच फोटो, तोच कोड. एफएमए एकदाच राउंडिंग करतं, वेगळा गुणाकार आणि वेगळी बेरीज केली की दोनदा होतं, त्यामुळे स्कोअर शेवटच्या दशांशात हलला आणि हा पीस नेमका लिमिटवर होता. एकच कास्टिंग मशीन बदललं की चांगलं किंवा वाईट ठरत असेल तर त्या फाउंड्रीवाल्याने आमच्यावर विश्वास कशाला ठेवायचा? म्हणून एफपी कॉन्ट्रॅक्ट इज इक्वल टू ऑफ टाकलं, म्हणजे कंपायलरने गुणाकार-बेरीज आपणहून एकत्र करायची नाही, त्यात थोडा वेग गेला तर जाऊ दे. फास्ट मॅथ लाव म्हणून ऑफिसातनं फोनवर सल्ला आला, मी स्पष्ट नाही म्हणालो, तो ऑप्शन हिशोबाचा क्रमच बदलायची परवानगी देतो.

रात्री ऑफिसात परत येऊन बेस साधा एक्स८६-६४ ठेवला आणि त्या एका फिल्टर फंक्शनला टार्गेट क्लोन्स लावलं, एव्हीएक्स-टूवाल्यांसाठी एक प्रत, नुसत्या एव्हीएक्सवाल्यांसाठी एक आणि बाकीच्यांसाठी साधी एक, प्रोग्राम सुरू होताना प्रोसेसर बघून योग्य ती प्रत निवडली जाते. आख्ख्या प्रोग्रामला फ्लॅग लावायची गरजच नव्हती, वेळ सगळा त्या एका लूपमध्येच जात होता.

पुढच्या आठवड्यात गोकुळ शिरगावच्या कस्टमरकडे जायच्या आधी फोनवरच एलएससीपीयूचा (प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड) फोटो मागवला. पेंटियम जी३२२०, हॅसवेल घराण्यातलाच, म्हटलं चला हा तरी नवा. फ्लॅग्ज वाचले तर एव्हीएक्स-टू सोडाच, साधं एव्हीएक्स पण नाही, इंटेलने त्या पेंटियममध्ये ते बंदच ठेवलेलं. तिथं तिसरी साधी प्रत चालली, आणि तो लिमिटवरचा फोटो मी मुद्दाम सोबत नेला होता, तो तिथं पण पासच आला.